स्क्रिप्ट चालली, पण आकडा बरोबर आहे का? डीबग सेशन लावायचं कसं



पेट किंवा नेट झाली, गाईड मिळाले, कोर्सवर्क सुरू झालं, की पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट बहुतेकांच्या वाट्याला येते. लॅबमधला सीनियर एक पायथन स्क्रिप्ट पाठवतो आणि म्हणतो, "यात तुझा डेटा टाक, रन कर, आलेख मिळेल." आपण रन करतो, आलेख मिळतो, आणि तो आलेख पुढे आरएसीच्या मीटिंगमध्ये, पेपरमध्ये, शेवटी प्रबंधात जातो. मधल्या काळात त्या स्क्रिप्टच्या आत नेमकं काय घडलं हे कोणी पाहिलेलंच नसतं.

आजचा लेख ते आत डोकावून पाहण्याबद्दल आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजे आपण ज्याला व्हीएस कोड म्हणतो, त्यात पायथन स्क्रिप्टसाठी डीबग सेशन कसं लावायचं हे आपण सुरुवातीपासून बघू. थोडं पायथन येतं, लूप आणि फंक्शन माहीत आहे, एवढं मी धरून चालते. कमांड आणि बटणांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

एरर न देणारी चूक

आधी हे का शिकायचं ते सांगते. २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स' या नियतकालिकात रसायनशास्त्रातली एक पद्धत प्रसिद्ध झाली. रेणूची रचना पक्की करण्यासाठी त्याच्या एनएमआर केमिकल शिफ्ट संगणकावर कशा काढायच्या, हे त्यात टप्प्याटप्प्यानं दिलं होतं. सोबत पायथन स्क्रिप्टही होत्या. लेखकांच्या नावावरून त्यांना 'विलोबी-हॉय स्क्रिप्ट' म्हणतात. अनेकांनी त्या वापरल्या.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या एका गटाला नीलहरित जीवाणूंमधून मिळालेल्या संयुगांवर काम करताना विचित्र गोष्ट दिसली. डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, पण ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की उत्तर बदलत होतं. कारण शोधलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी पायथनच्या 'ग्लॉब'कडून घेत होती. ग्लॉब यादी देतो, पण ती कोणत्या क्रमानं असेल याची हमी देत नाही. तो क्रम ऑपरेटिंग सिस्टीम आणि फाइल सिस्टीमवर अवलंबून असतो. पुढचं गणित मात्र फाइली ठरावीक क्रमानंच येतील असं धरून चाललं होतं. उपाय काय होता? यादी आधी सॉर्ट करून घ्यायची. एवढंच!

पाच वर्षं यात कुठे लाल अक्षरांत एरर आली नाही. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालत होती, आकडा देत होती, आणि आकडा पटण्यासारखा होता.

जी स्क्रिप्ट मध्येच आपटते ती बिचारी प्रामाणिक असते. कोणत्या ओळीवर काय बिघडलं ते ती स्वतःच सांगते. भीती वाटायला हवी ती गुपचूप शेवटपर्यंत जाणाऱ्या स्क्रिप्टची. ती पकडायची तर तिला मध्ये थांबवून, "आत्ता तुझ्या हातात काय आहे ते दाखव," असं विचारता आलं पाहिजे. डीबगर नेमकं हेच करतो.

आपलं उदाहरण

पुढचं सगळं एका छोट्या उदाहरणावर करू. समजा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तुम्ही ४० नमुन्यांचं ॲब्सॉर्बन्स मोजलं. प्रत्येक नमुन्याबरोबर त्याचा ब्लँकही मोजला. 'नमुने' फोल्डरमध्ये ४० सीएसव्ही फाइली, 'ब्लँक' फोल्डरमध्ये त्यांचे जोडीदार. दोन्हीकडे नावं सारखीच, ००१ ते ०४०. स्क्रिप्ट दोन्ही याद्या घेते, सॉर्ट करते, 'झिप' वापरून जोड्या लावते, नमुन्यातून ब्लँक वजा करते आणि शेवटी सरासरी व आलेख देते.

आता समजा ब्लँकची ०१७ नंबरची फाइल कॉपी करताना राहून गेली. म्हणजे नमुने ४०, ब्लँक ३९. काय होईल? एरर येईल असं वाटतं ना? येत नाही. झिपचा स्वभाव असा, की दोन याद्यांतली लहान यादी संपली की तो मुकाट्यानं थांबतो. पहिल्या १६ जोड्या बरोबर लागतात. मग ०१७च्या नमुन्यातून ०१८चा ब्लँक वजा होतो, ०१८मधून ०१९चा, असं करत ३९पर्यंत. ०४०चा नमुना गळून पडतो. एकूण ३९ जोड्यांपैकी २३ चुकीच्या! ब्लँकची मूल्यं एकमेकांच्या जवळ असतात, एक ०.०३१ तर दुसरं ०.०३४, त्यामुळे आलेखाकडे बघून कोणालाही शंका येत नाही. यादी सॉर्ट केलेली असूनही हे घडतं, हे लक्षात घ्या.

तर, ही स्क्रिप्ट आपण डीबगरखाली घेऊ.

पायरी १: फोल्डर उघडा आणि इंटरप्रिटर निवडा

व्हीएस कोडमध्ये एकटी फाइल उघडू नका, प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर उघडा. कारण डीबगरच्या सेटिंग त्या फोल्डरमध्ये साठवल्या जातात, आणि स्क्रिप्टमधले 'डेटा/नमुने' यासारखे सापेक्ष पत्तेही साधारणपणे त्याच फोल्डरपासून मोजले जातात.

मग एक्स्टेन्शनमधून 'पायथन' टाका. त्यासोबत 'पायथन डीबगर' येतो. आत काम करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव 'डीबगपाय'. हे नाव पुढे दोनदा लागणार आहे.

आता इंटरप्रिटर. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' शोधा आणि तुमच्या प्रोजेक्टचं एन्व्हायर्नमेंट निवडा. पायथनची फाइल उघडी असताना निवडलेला इंटरप्रिटर खाली उजव्या कोपऱ्यात दिसतो. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण नवीन मुलांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. टर्मिनलमध्ये नमपाय सापडतं आणि डीबगरमध्ये "असं मॉड्यूल नाही" असा निरोप येतो, तेव्हा बहुतेक वेळा दोन वेगळे पायथन चालू असतात. एक कॉम्प्युटरचा मूळचा, दुसरा तुमच्या एन्व्हायर्नमेंटमधला.

पायरी २: लाँच फाइल तयार करा

डावीकडच्या पट्टीत त्रिकोण आणि किडा असं चित्र आहे, ते 'रन अँड डीबग'. (शॉर्टकट कंट्रोल-शिफ्ट-डी.) तिथे 'क्रिएट अ लाँच डॉट जेसन फाइल' असा दुवा दिसेल. त्यावर क्लिक करा, 'पायथन डीबगर' निवडा, मग 'पायथन फाइल' निवडा. प्रोजेक्टमध्ये 'डॉट व्हीएसकोड' नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात ही फाइल बसते.

आत काही मोजक्या ओळी असतात. एकेक समजून घेऊ.

'नेम' म्हणजे या सेशनचं नाव. 'पायथन फाइल' असं मोघम न ठेवता "ब्लँक वजाबाकी, ३ फाइली" असं अर्थपूर्ण द्या. सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळेल.

'टाइप' म्हणजे कोणता डीबगर. इथे 'डीबगपाय' असतं. इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत इथे 'पायथन' लिहिलेलं दिसेल. ती जुनी पद्धत आहे.

'रिक्वेस्ट'ला दोन पर्याय. 'लाँच' म्हणजे डीबगर स्वतः स्क्रिप्ट सुरू करतो. 'अटॅच' म्हणजे आधीच चालू असलेल्या स्क्रिप्टला जाऊन जोडून घेतो. सुरुवातीला लाँच, अटॅच पुढे सर्व्हरच्या वेळी लागेल.

'प्रोग्रॅम' म्हणजे कोणती फाइल चालवायची. आपोआप आलेल्या सेटिंगमध्ये "सध्या उघडी असलेली फाइल" असा अर्थ असतो. यात एक मेख आहे. तुम्ही मदतीच्या फंक्शनांची दुसरी फाइल उघडून बसलात आणि एफ५ दाबलं, तर तीच फाइल चालेल, मुख्य स्क्रिप्ट नाही. म्हणून मुख्य स्क्रिप्टचा पत्ता इथे पक्का लिहून ठेवा.

'आर्ग्स' म्हणजे टर्मिनलवर स्क्रिप्टच्या नावापुढे तुम्ही जे शब्द लिहिता ते. ते यादीच्या स्वरूपात द्यायचे, प्रत्येक शब्द वेगळ्या अवतरणचिन्हांत. 'इनपुट'चा पर्याय आणि त्यापुढचं फोल्डरचं नाव हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाच अवतरणात कोंबले तर स्क्रिप्टला ते ओळखताच येत नाहीत.

'सीडब्ल्यूडी' म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या फोल्डरमध्ये उभी राहून चालते. दिलं नाही तर तुम्ही उघडलेलं प्रोजेक्ट फोल्डर धरलं जातं. तुमची स्क्रिप्ट एरवी दुसऱ्या फोल्डरमधून चालवली जात असेल, तर ते इथे लिहा.

'जस्टमायकोड' हे सुरुवातीला 'ट्रू' असतं. म्हणजे डीबगर फक्त तुमच्या कोडमध्ये थांबतो, नमपाय किंवा पांडाजच्या पोटात शिरत नाही. तसंच राहू द्या. लायब्ररीच्या आतच शंका आली तर तेवढ्यापुरतं 'फॉल्स' करा.

ही फाइल एकदा नीट लिहिली की गिटमध्ये कमिट करून टाका. तुमच्यानंतर लॅबमध्ये येणाऱ्या ज्युनियरला स्क्रिप्ट कशी चालवायची हे विचारायला तुमच्याकडे यावं लागणार नाही.

पायरी ३: डेटा छोटा करा

४० फाइलींवर डीबग करू नका. तीन-चार जोड्यांचं 'चाचणी' फोल्डर करा आणि आर्ग्समध्ये त्याचा पत्ता द्या. पण अडचणीची जागा त्यात आली पाहिजे. आपल्या उदाहरणात ०१५ ते ०१९ एवढ्याच फाइली घेतल्या तरी खोट दिसते. ००१ ते ००४ घेतल्या तर कधीच दिसणार नाही.

स्क्रिप्टमध्ये रँडम आकडे असतील तर सीड पक्कं करा, नाहीतर दर वेळी वेगळं उत्तर येईल आणि तुम्ही सावलीचा पाठलाग करत बसाल. स्क्रिप्ट एकाच वेळी आठ प्रोसेसवर चालत असेल तर डीबगपुरती एकावर आणा.

पायरी ४: ब्रेकपॉइंट ठेवा

ओळीच्या नंबरच्या डावीकडे क्लिक केलं की लाल ठिपका येतो. हा ब्रेकपॉइंट. (कर्सर त्या ओळीवर असेल तर एफ९नंही होतं.) मग एफ५ दाबा. लॅपटॉपवर बऱ्याचदा एफएन बटणही सोबत दाबावं लागतं.

स्क्रिप्ट त्या ओळीवर येऊन थांबेल आणि ओळ पिवळी दिसेल. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: पिवळी ओळ अजून चाललेली नाही. ती आता चालणार आहे. त्या ओळीत तयार होणारं व्हेरिएबल तुम्हाला अजून दिसणार नाही, किंवा त्याची मागच्या फेरीतली जुनी किंमत दिसेल.

ठिपका लाल न राहता राखाडी आणि पोकळ दिसला, तर त्या सेशनमध्ये तो अजून लागू झालेला नाही असा अर्थ. बहुतेक वेळा तुम्ही ठिपका ठेवलेली फाइल आणि प्रत्यक्ष चाललेली फाइल वेगळ्या असतात. 'प्रोग्रॅम'चा पत्ता पुन्हा तपासा.

ठिपका कुठे ठेवायचा? आपली स्क्रिप्ट पाच टप्प्यांची आहे: वाचणं, जोड्या लावणं, वजाबाकी, सरासरी, आलेख. पहिल्या ओळीपासून एकेक ओळ चालत जाण्यात वेळ घालवू नका. मधोमध ठेवा, म्हणजे वजाबाकीच्या ओळीवर. तिथपर्यंत सगळं बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. शब्दकोशात शब्द शोधतो तसंच.

आणि एफ५ दाबण्याआधी कागदावर लिहा, "इथे मला काय दिसायला हवं?" उदाहरणार्थ, "दोन्ही याद्यांची लांबी ५, पहिल्या जोडीत दोन्हीकडे ०१५." हे लिहिलं नाही, तर समोर जे दिसेल ते आपल्याला बरोबरच वाटतं. मन फार लवकर पटवून घेतं. प्रयोगाआधी अपेक्षित निष्कर्ष लिहून ठेवण्यामागे जो विचार आहे, तोच इथे आहे.

पायरी ५: थांबल्यावर काय बघायचं

डावीकडे चार कप्पे दिसतात. 'व्हेरिएबल्स'मध्ये त्या क्षणी कशाची काय किंमत आहे ते. 'वॉच'मध्ये तुम्ही स्वतः लिहिलेली विधानं, जसं नमुन्यांच्या यादीची लांबी, ब्लँकच्या यादीची लांबी. 'कॉल स्टॅक'मध्ये आपण कोणत्या फंक्शनमधून कोणत्या फंक्शनमध्ये आलो ती साखळी; वरच्या ओळीवर आत्ताची जागा, खाली तिला कोणी बोलावलं ते. आणि 'ब्रेकपॉइंट्स'मध्ये सगळ्या ठिपक्यांची यादी.

आपल्या उदाहरणात वॉचमध्ये दोन लांबी लिहिल्या की एका नजरेत दिसतं: ५ आणि ४. झालं! चूक सापडायला अर्धा मिनिटही लागलं नाही. प्रिंटच्या ओळी टाकून हे सापडलं नसतं का? सापडलं असतं, पण नेमकी त्या दोन लांबींचीच प्रिंट टाकायचं सुचलं असतं तर. डीबगरमध्ये थांबल्यावर सगळंच समोर असतं, आणि पुढचा प्रश्न सुचला की स्क्रिप्ट पुन्हा न चालवता विचारता येतो. तो विचारायची जागा म्हणजे खालचा 'डीबग कन्सोल'. तिथे पायथनचं कोणतंही विधान लिहा, त्या क्षणीच्या किमतींवर त्याचं उत्तर मिळतं. ॲरेचा आकार, त्यात किती जागा रिकाम्या आहेत, किमान-कमाल, सगळं. फक्त तिथे एखाद्या व्हेरिएबलला नवीन किंमत दिलीत तर ती खरोखर बदलते आणि पुढचं गणित बदललेल्या किमतीवर होतं, हे विसरू नका.

पुढे सरकायला चार बटणं पुरतात. एफ१०नं ही ओळ पूर्ण करून पुढच्या ओळीवर. एफ११नं या ओळीतल्या फंक्शनच्या आत. शिफ्ट-एफ११नं त्या फंक्शनमधून बाहेर. एफ५नं पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत. सेशन संपवायला शिफ्ट-एफ५.

पायरी ६: अटीवर थांबणारा ब्रेकपॉइंट

समजा डेटा छोटा करता येत नाही, ४० किंवा ४००० फेऱ्या आहेतच. प्रत्येक फेरीला थांबून एफ५ दाबत बसणार का? ठिपक्यावर राइट क्लिक करा, 'एडिट ब्रेकपॉइंट' निवडा आणि अट लिहा: नमुन्याच्या फाइलचं नाव आणि ब्लँकच्या फाइलचं नाव सारखं *नसेल* तर. आता एफ५ दाबलं की पहिल्या १६ फेऱ्या सरसर जातात आणि १७व्या फेरीवर स्क्रिप्ट उभी राहते. समोर ०१७चा नमुना आणि ०१८चा ब्लँक. अट म्हणजे तुम्ही मनात धरलेलं गृहीतक, आणि डीबगर ते जिथे पहिल्यांदा मोडतं तिथे तुम्हाला नेऊन उभं करतो.

त्याच मेनूत 'लॉगपॉइंट'ही आहे. तो थांबत नाही, फक्त डीबग कन्सोलवर निरोप छापतो. महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव लिहिलं की त्याची किंमत येते. स्क्रिप्टमध्ये प्रिंट टाकायची आणि नंतर पुसायची कटकट वाचते. मूळ फाइलला हात लागत नाही हा त्याचा मोठा फायदा.

ब्रेकपॉइंट्सच्या कप्प्यात 'रेज्ड एक्सेप्शन्स' असा एक चौकोन आहे. कोणी घाईत 'ट्राय-एक्सेप्ट' लिहून सगळ्या एरर गिळून टाकल्या असतील, तर तो चौकोन टिक करा. एरर जिथे जन्मते तिथेच डीबगर थांबेल, ती गिळली जाण्याआधी. दुसऱ्याकडून आलेल्या जुन्या स्क्रिप्टवर मी सर्वांत आधी हेच करून बघते.

सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट

पुढे तुमच्यापैकी काहींची कामं मोठ्या क्लस्टरवर जातील. पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' आहे, बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये 'परम प्रवेग' आहे. अशा ठिकाणी लॉगिन नोडवर जड काम चालवायचं नसतं. त्या दारातून सगळेच आत येतात. आधी केंद्राचे नियम वाचा, शेड्यूलरकडून इंटरॲक्टिव्ह जॉब मागा आणि मिळालेल्या नोडवर डीबग करा.

तिथला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पायथनचं स्वतःचं 'ब्रेकपॉइंट' हे फंक्शन. पायथन ३.७ पासून ते भाषेतच आहे. हव्या त्या जागी ते एका ओळीत लिहा. स्क्रिप्ट तिथे थांबून टर्मिनलवर 'पीडीबी' उघडते. एन म्हणजे पुढची ओळ, एस म्हणजे आत, सी म्हणजे चालू ठेव, पी आणि व्हेरिएबलचं नाव म्हणजे किंमत दाखव, डब्ल्यू म्हणजे मी कुठे आहे, क्यू म्हणजे बंद. एवढ्यावर बरंच काम होतं. मात्र रात्रभर चालणारा बॅच जॉब टाकण्याआधी ती ओळ काढा, किंवा 'पायथनब्रेकपॉइंट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करा. बॅच जॉबमध्ये उत्तर द्यायला समोर कोणी नसतं.

व्हीएस कोडच हवं असेल तर 'अटॅच' वापरा. सर्व्हरवर डीबगपायमार्फत स्क्रिप्ट सुरू करायची, 'लिसन'मध्ये पोर्ट द्यायचं (उदाहरणांत बहुतेक ५६७८ असतं) आणि 'वेट-फॉर-क्लायंट' लावायचं, म्हणजे तुम्ही जोडले जाईपर्यंत ती थांबून राहते. मग एसएसएच टनेलमधून ते पोर्ट तुमच्या लॅपटॉपवर आणायचं आणि लाँच फाइलमध्ये 'अटॅच'ची दुसरी नोंद करायची. दोन्हीकडचे फोल्डरचे पत्ते वेगळे असतात, म्हणून 'पाथमॅपिंग्ज'मध्ये इकडचा पत्ता आणि तिकडचा पत्ता यांची जोडी द्यावी लागते. नाही दिली तर ठिपके पोकळच राहतात.

एक सावधगिरी. या पोर्टला पासवर्ड नसतो, आणि जो जोडला जाईल तो तुमच्या नावानं कोणताही कोड चालवू शकतो. फक्त पोर्ट नंबर दिला तर डीबगपाय त्याच मशीनपुरतं ऐकतं, ते तसंच ठेवा. काही ठिकाणी चार शून्यांचा पत्ता द्यायला सांगतात. तो सगळ्या नेटवर्कला दार उघडतो. तो देऊ नका, आणि काम झालं की सेशन बंद करा.

चूक सापडल्यावर

चूक सापडली, दुरुस्त केली, आणि मंडळी उठून चहाला गेली, असं करू नका. दोन कामं उरलेली असतात.

पहिलं, जे गृहीतक मोडलं ते स्क्रिप्टमध्ये लिहून टाका. जोड्या लावण्याआधी 'असर्ट'ची एक ओळ: दोन्ही याद्यांतली नावं तंतोतंत सारखी असलीच पाहिजेत. पायथन ३.१० पासून झिपला 'स्ट्रिक्ट' हा पर्यायही आहे. तो 'ट्रू' दिला की लांबी वेगळी असल्यास झिप गप्प न बसता एरर देतो. पण लांबी सारखी आणि नावं वेगळी असतील तर तो काही बोलत नाही, म्हणून असर्ट हवाच. पुढच्या वेळी फाइल हरवली की स्क्रिप्ट स्वतः आरडाओरडा करेल.

दुसरं, या चुकीनं आधीचे कोणते आकडे बाधित झाले ते लॅब नोटबुकमध्ये तारीख घालून लिहा आणि ते निकाल पुन्हा काढा. सरासरी तिसऱ्या दशांश स्थळीच बदलली असेल, तरी काढा. फरक किती नगण्य आहे हेसुद्धा मोजूनच म्हणायचं असतं. आणि गाईडना सांगा. हे त्यांना आज सांगणं, व्हायव्हात परीक्षकांनी विचारण्यापेक्षा किंवा पेपर छापून आल्यावर दुसऱ्या देशातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं कळवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

आता एक अभ्यास देते. तुमच्याकडे सध्या जी स्क्रिप्ट आहे, सीनियरकडून आलेली असो नाहीतर स्वतः लिहिलेली, तिची लाँच फाइल आज तयार करा. कोणतीही एरर नसताना, मुद्दाम. निकाल तयार होतो त्याच्या एक टप्पा आधी ब्रेकपॉइंट ठेवा, काय दिसायला हवं ते कागदावर लिहा, मग एफ५ दाबा. कागद आणि स्क्रीन जुळले तर त्या आकड्यावर तुम्ही आता सही करू शकता. नाही जुळले, तर ते आज कळलं, हे चांगलंच झालं.

पुढच्या लेखात असर्टच्या याच ओळींपासून छोट्या टेस्ट कशा लिहायच्या ते पाहू. तोपर्यंत अडलं तर जरूर विचारा. विचारताना कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथन कितवं ते मात्र लिहा. विलोबी-हॉय स्क्रिप्टची गोष्ट वाचल्यावर ते का विचारते, हे तुम्हाला आता सांगायला नको!